रूळ संपले की पायी: लक्झेंबर्ग, लिश्टेनश्टाइन, सान मरिनो वगैरे

मोझेलकाठ

उन्हाळा आला की आमच्याकडे पाहुणे येतात आणि बहुतेकांच्या यादीत एक ओळ ठरलेली असते: "एक दिवस लक्झेंबर्ग करून टाकू." करून टाकू म्हणजे राजवाड्यासमोर फोटो, एक कॉफी, थोडं चॉकलेट आणि संध्याकाळी परत. देश लहान, म्हणून वेळही लहान, असा हिशोब. मला तो उलटा वाटतो. मोठा देश आपल्याला कधीच पुरा बघता येत नाही. लहान देशात मात्र रेल्वेने एका टोकाला जाऊन पायी फिरलं तर तो देश अख्खा डोक्यात बसतो: नद्या कुठून येतात, गावं कुठे वसली, सरहद्द तिथेच का आली. म्हणून चर्चेचा हा धागा. रेल्वे आणि पाय वापरून कोणी असे देश पाहिले असतील तर लिहा. भाड्याच्या गाडीचे अनुभव कृपया दुसरीकडे.

सुरुवात मी करते. आम्ही ट्रियरजवळ राहतो. इथून लक्झेंबर्ग शहर रेल्वेने साधारण पाऊण-एक तासावर आहे, पण पाहुण्यांना मी आधी तिकडे नेत नाही. मोझेल नदीच्या काठाकाठाने जाणारी लोकल पकडून पेर्लला उतरते. हे जर्मनीतलं शेवटचं स्टेशन. स्टेशनातून खाली आलं की मोझेलवरचा पूल, आणि पूल ओलांडला की शेंगेन. होय, व्हिसावर नाव असलेलं तेच. द्राक्षमळ्यांचं छोटंसं गाव आहे. १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी आपसातल्या सीमांवरची तपासणी काढत नेण्याचा करार इथे केला, तोही नदीतल्या 'प्रिन्सेस मारी-आस्ट्रिड' या बोटीवर. जर्मनी, फ्रान्स आणि लक्झेंबर्ग यांच्या सीमा इथेच एकत्र येतात आणि मोझेलचं पात्र जर्मनी आणि लक्झेंबर्ग यांच्या सामायिक मालकीचं आहे, त्यामुळे जागा चपखल होती. परत पुलावरून पेर्लला येऊन दक्षिणेला चालत राहिलं की फ्रान्समधलं अपाख गाव. तीन देश पायी, आणि वाटेत पासपोर्ट विचारायला सहसा कोणी नाही. व्हिसासाठी कागदांची थप्पी जमवून आलेला माणूस इथे दोन मिनिटं गप्प होतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

शेंगेनहून बसने राजधानीला जाता येतं आणि बसला पैसे पडत नाहीत. २९ फेब्रुवारी २०२०पासून देशभरातल्या बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सगळ्यांना मोफत आहे, तुम्हाआम्हालासुद्धा. पहिल्या वर्गाला तिकीट लागतं, आणि सीमा ओलांडणार असाल तर पलीकडच्या टप्प्याचं. विमानतळापासून शहरात येणारी ट्रामसुद्धा यातच आली. तिकिटांतून मिळणारं उत्पन्न खर्चाच्या मानाने फारच थोडं होतं, त्यामुळे सरकारला ते सोडणं जमलं.

शहराबद्दल एवढंच सांगते की ते दोन मजली आहे. वर पठारावर जुनं शहर, खाली आल्झेट नदीच्या घळीत ग्रुंड आणि फाफेनटाल या वस्त्या. ९६३ साली काउंट सिगफ्रिडने बॉकचा कडा मिळवला आणि पुढे शतकानुशतकं ज्याच्या हाती हे आलं त्याने तटबंदी वाढवली. १८६७च्या लंडन कराराने किल्ला पाडायचं ठरलं, तरी कड्याच्या पोटातले बोगदे पाडता येईनात. त्यांतले १७ किलोमीटर अजून शिल्लक आहेत. कॉर्निशच्या वाटेने चालत बॉकपर्यंत जा, मग खाली ग्रुंडमध्ये उतरा.

रानवाटा

मस्त विषय. शहराइतकाच म्युलरटालसाठी वेळ ठेवा असं मी म्हणेन. देशाच्या पूर्वेला वालुकाश्माचे कडे आहेत आणि त्यांतून ११२ किलोमीटरची खुणा केलेली वाट जाते, तीन मोठ्या वळशांमध्ये विभागलेली. एख्टरनाखला रेल्वे नाही, राजधानीहून बस आहे. बसस्टँडवरून निघालात की थोड्याच वेळात लांडग्यांच्या घळीत पोचता. तिथून बेर्डोर्फकडे जाताना काही फटी इतक्या अरुंद आहेत की पाठीवरची सॅक काढून हातात घ्यावी लागते. सांदण दरी पाहिलेल्यांना ओळखीचं वाटेल, फक्त दगड वेगळा: आपला बेसाल्ट, हा वाळूचा, शेवाळ धरलेला आणि पावसानंतर निसरडा. बेर्डोर्फजवळ होलले नावाची गुहा आहे. तिथे पूर्वी जात्याचे दगड खोदून काढायचे, छतावर त्या गोल खाचा अजून दिसतात.

सह्याद्रीत फिरलेल्यांना एक गोष्ट खटकेल, किंवा आवडेल: वाट चुकायची सोयच नाही. दर वळणावर खूण. मला पहिल्या दिवशी कंटाळा आला, दुसऱ्या दिवशी नकाशा खिशात ठेवून झाडं बघायला लागलो.

जोशीकाका_डोंबिवली

लेख आवडला. मी मध्य रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे रूळ दिसले की आपोआप वाचतो. दोन प्रश्न. एक, आमच्या सौ.चे गुडघे जिने मानत नाहीत, मग हे दोन मजली शहर कसं बघायचं? दोन, रेल्वेने उत्तरेकडे काही आहे का?

माझ्याकडून थोडी भर: मुलगा बोलोन्याला असतो, त्याच्याकडे गेलो तेव्हा सान मरिनोला जाऊन आलो. आज तिथे रेल्वे नाही, पण एके काळी होती. रिमिनीहून निघणारा ९५० मिलिमीटर गेजचा (म्हणजे दोन रुळांत तेवढं अंतर) विजेवरचा मार्ग, लांबी सुमारे ३२ किलोमीटर, १२ जून १९३२ रोजी सुरू झाला. वळणं आणि बोगदे घेत डोंगर चढायचा. १९४४मध्ये बाँबहल्ले झाले आणि गाडी बंद पडली ती कायमची. युद्धाच्या त्या शेवटच्या महिन्यांत इटलीतून आलेले लोक याच बोगद्यांत राहिले. सान मरिनो तटस्थ होता, म्हणून देशाच्या लोकसंख्येच्या कित्येक पट माणसं आसऱ्याला आली होती. बारा वर्षांची रेल्वे, आणि शेवटी तिचा उपयोग हा झाला. माँतालेचा बोगदा आता पायी जाणाऱ्यांसाठी खुला आहे आणि जुना निळा-पांढरा डबा जपून ठेवलाय. मी डब्यापाशी बराच वेळ होतो. सौ. किल्ला बघून आली तरी मी तिथेच.

जायचं कसं: बोलोन्याहून रिमिनी साधारण तासाभराची गाडी, रिमिनी स्टेशनासमोरूनच बस. बसने थेट वर जाऊ नका. बोर्गो माज्जोरेला उतरा आणि केबल कारने वर जा, दोन-तीन मिनिटांत समुद्रापर्यंतचा सगळा प्रदेश समोर येतो. वर तितानो डोंगराच्या धारेवर तीन बुरूज आहेत. ग्वाइता ते चेस्ता ही वाट चांगली बांधलेली आहे. तिसरा माँताले जरा पुढे झाडीत, तिथे गर्दी संपते. बुरूज आणि वाट सोडलं तर बाकी गल्ल्यांत अत्तरं आणि चामड्याच्या पिशव्यांची दुकानं, ती पाहिली नाहीत तरी चालेल.

मोझेलकाठ

काका, बोगद्यांची माहिती माझ्यासाठी नवीन. जुन्या डब्याचा फोटो असेल तर टाका.

गुडघ्यांचं उत्तर: शहरभर सार्वजनिक लिफ्ट आहेत आणि त्या फुकट आहेत. ग्रुंडमधून वर यायला कड्याच्या आतून जाणारी लिफ्ट आहे. फाफेनटालमधून वर यायला ७१ मीटर उंचीची काचेची लिफ्ट, २०१६पासून. खाली बघायची भीती वाटत असेल तर दाराकडे तोंड करून उभं राहायचं. आणि तुमच्यासाठी खास: मुख्य स्टेशनावरून उत्तरेकडे जाणारी गाडी पकडा, दगडी कमानींच्या पुलांवरून घळ ओलांडून फाफेनटाल-किर्शबेर्ग या पुढच्या थांब्यावर उतरा, तिथून फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी रुळांवरची गाडी, किर्शबेर्गला चढते आणि वर दारातच ट्राम. रेल्वे, फ्युनिक्युलर, ट्राम, एकही जिना नाही, एकही पैसा नाही.

उत्तरेकडचा मार्ग तर तुम्ही चुकवूच नका. एटेलब्रुक सोडलं की गाडी डोंगरात शिरते आणि पुढे क्लेर्वो, त्र्वाव्हिएर्जपर्यंत नदीची साथ सोडत नाही. कधी या काठाला, कधी त्या काठाला, मध्येच छोटा बोगदा. तिथल्या रेल्वेने एका स्टेशनापासून दुसऱ्या स्टेशनापर्यंतच्या पायवाटा आखून त्यावर खुणा लावल्या आहेत. मला देशातली सगळ्यात हुशारीची गोष्ट ही वाटते. काउटनबाखला उतरायचं, रानातून, चढावरून चालत विल्वरविल्ट्सला यायचं, आणि तिथून पुढची गाडी. गाडी लावली तिथेच परत यायची कटकट नाही, दमलात तर मधल्या स्टेशनाकडे वळा.

क्लेर्वोला गढीमध्ये एडवर्ड स्टायकेनने जमवलेलं 'द फॅमिली ऑफ मॅन' हे छायाचित्रांचं प्रदर्शन कायमचं मांडलेलं आहे. स्टायकेन लक्झेंबर्गमध्ये जन्मलेला, वाढला अमेरिकेत. १९५५ साली न्यूयॉर्कमध्ये भरवलेल्या त्या प्रदर्शनात ५०३ फोटो होते. भारतातलेही आहेत, शोधा. स्टेशनपासून गढीपर्यंत चालत जाता येतं.

सुटसुटीत

सगळं वाचलं. छान आहे, पण जरा दुसरी बाजू मांडतो. आई-बाबांना घेऊन आलेला माणूस, हातात मोजकी सुट्टी, तिकिटाला लाखभर रुपये गेलेले. त्याने काउटनबाखच्या रानात अर्धा दिवस घालवायचा का? ग्रुप टूरला नावं ठेवणं सोपं असतं. बसमध्ये बसलं की सामान उचलावं लागत नाही, जेवणाला पोळी-भाजी मिळते, बरोबर बोलायला माणसं असतात. माझ्या आईला लिश्टेनश्टाइनची आठवण विचाराल तर ती बसमधल्या अंताक्षरीची सांगेल, आणि ती खूश आहे. आणि खरं सांगा, तिथल्या राजधानीत, वाडुझमध्ये तासाभरापेक्षा जास्त बघण्यासारखं आहे काय? एक रस्ता, वर राजवाडा, त्यातही आत सोडत नाहीत.

झुरिचकर

+१ आईच्या अंताक्षरीला. वाडुझच्या त्या रस्त्याबद्दल म्हणाल तर तेही मान्य. पण लिश्टेनश्टाइन म्हणजे तो रस्ता नव्हे हो.

आधी रेल्वेचं सांगतो, जोशीकाकांना आवडेल. झुरिचहून ऑस्ट्रियाला जाणारी लांब पल्ल्याची गाडी लिश्टेनश्टाइनमधून जाते आणि थांबत नाही. देशात एकूण नऊ किलोमीटरच्या आसपास रूळ आहेत, तेही ऑस्ट्रियाच्या रेल्वेचे. राजधानीला स्टेशनच नाही. 'शान-वाडुझ' नावाचं स्टेशन शान गावात आहे आणि तिथे फक्त काही लोकल थांबतात. लोकल वाढवायचा प्रस्ताव २०२०मध्ये सार्वमताला टाकला, लोकांनी नाकारला. स्वित्झर्लंडमधल्या बुक्स स्टेशनात गाडीची दिशा उलटते, इंजिनाकडचा डबा शेपटीला येतो. तेव्हा झोपलेले प्रवासी दचकून विचारतात की परत चाललो की काय.

म्हणून जायचं असं: झुरिचहून झारगान्स साधारण एक तास, स्टेशनाबाहेर हिरव्यागार रंगाची ११ नंबरची बस, ती अख्खा देश दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडून ऑस्ट्रियातल्या फेल्डकिर्खला जाते. १६० चौरस किलोमीटरच्या देशाची ही जणू एकमेव मुख्य रेषा. कुठेही उतरा, कुठेही चढा. वाडुझला न थांबता आधी बाल्झर्सला उतरा, टेकडीवरचा गुटेनबर्गचा गड बघा. मग वाडुझच्या खाली ऱ्हाइनकडे चाला. तिथे १९०१चा १३५ मीटर लांबीचा जुना लाकडी पूल आहे, वर छप्पर, आत अंधार, लाकडाचा वास. पुलाच्या मध्यावर सीमेची खूण आहे, एक पाय स्वित्झर्लंडमध्ये आणि एक पाय लिश्टेनश्टाइनमध्ये ठेवून सगळेच फोटो काढतात. काढा तुम्हीही. पलीकडे स्वित्झर्लंडचं सेवेलेन गाव, त्याला रेल्वे स्टेशन आहे. म्हणजे बसने आत आणि पायी बाहेर.

आणखी वेळ असेल तर देशाला ३०० वर्षं झाली तेव्हा, २०१९मध्ये, आखलेली ७५ किलोमीटरची वाट आहे. अकराही गावपालिकांमधून जाते, तुकड्या-तुकड्यांनी करता येते, प्रत्येक तुकड्याच्या टोकाला बस. त्यातला गंमतीचा भाग असा की लिश्टेनश्टाइन घराण्याने १६९९मध्ये शेलेनबर्ग आणि १७१२मध्ये वाडुझ विकत घेतलं ते मुख्यतः पवित्र रोमन साम्राज्याच्या सभेत जागा मिळावी म्हणून. राजे मात्र व्हिएन्ना आणि मोराव्हियात राहायचे, इथे मुक्कामाला आले ते थेट १९३८मध्ये. राजवाड्यात आत सोडत नाहीत हे खरं, कारण ते राहतं घर आहे. पण १५ ऑगस्टला त्यांचा राष्ट्रीय दिन असतो. हो, १५ ऑगस्टच.

फ्युर्स्टेनश्टाइगची कड्यातली वाट १८९८ची आहे, नजर फिरणाऱ्यांनी जाऊ नये. बर्फ वितळल्याशिवाय तर कोणीच नाही.

सुटसुटीत

लाकडी पुलाचं पटलं. बाकी आमची बस तिथे थांबली नव्हती, म्हणून तुम्ही जिंकलात असं नाही. :)

पासपोर्टवर शिक्का मारून घेतलेला मात्र आहे, तो मी सगळ्यांना दाखवतो.

कागदपत्रे

शिक्क्यावरून आठवलं, म्हणून लिहितो. पर्यटन केंद्रात पैसे देऊन मिळणारा तो शिक्का हौसेचा आहे. पासपोर्टवर सरकारी कामाशिवाय दुसरं काही नसलेलं बरं, पुढे एखाद्या विमानतळावर अधिकाऱ्याने प्रश्न विचारला तर तुम्हालाच उत्तर द्यावं लागेल. वहीत घ्या, पोस्टकार्डावर घ्या.

व्हिसाचं थोडक्यात, कारण व्यनित (खाजगी निरोपांत) तेच ते प्रश्न येताहेत. शेंगेन व्हिसा एकच, तो ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे मागायचा. रात्री समान असतील तर जिथे पहिलं पाऊल टाकणार तिथे. लिश्टेनश्टाइन शेंगेनमध्ये २०११च्या अखेरीपासून आहे, पण स्वतःचा व्हिसा देत नाही, स्वित्झर्लंडकडे अर्ज करायचा. सान मरिनो, व्हॅटिकन आणि मोनॅको यांच्या सीमांवर तपासणी नसते, इटलीत किंवा फ्रान्समध्ये आलात की चालत जा. अपवाद अँडोराचा. तो शेंगेनच्या बाहेर आहे आणि तिथे जायला फ्रान्स किंवा स्पेनमधूनच जावं लागतं, त्यामुळे परत यायला पुन्हा प्रवेश लागतो. व्हिसावर एकदाच प्रवेश लिहिलं असेल तर अँडोराच्या वाटेला जाऊ नका.

चलन: लिश्टेनश्टाइन आणि स्वित्झर्लंडमध्ये स्विस फ्रँक, वरच्या बाकी देशांत युरो.

खाऊगल्ली

सगळे चालताय, खाताय काय?

मोझेलकाठ

लक्झेंबर्गमध्ये जत्रेत, बाजारात बटाट्याच्या किसाची तळलेली ग्रोम्परेकिशेल्शर मिळतात, त्यात कांदा, कोथिंबिरीच्या कुळातली पार्सली आणि अंडं असतं. अंडं चालत नसेल तर पाव, चीज, फळं. रविवारी खेड्यात दुकान उघडं असेल या भरवशावर निघू नका.

झुरिचकर

लिश्टेनश्टाइनमध्ये केसक्नोपफ्ले: पिठाचे छोटे गोळे, वर चीज आणि तळलेला कांदा, बाजूला सफरचंदाची चटणीसारखी गोड पेस्ट. पिठात अंडं असतं. किंमत वाचून भूक मरते, त्यामुळे सुपरमार्केटमधून डबा घेऊन लाकडी पुलापाशी बसणं उत्तम.

जोशीकाका_डोंबिवली

सान मरिनो आणि रिमिनीत पियादिना मिळते, आपल्या पोळीच्या जवळची. शाकाहारी लोकांनी विचारून घ्यावं, पारंपरिक पिठात डुकराची चरबी घालतात. ऑलिव्ह तेलाचीही करतात, मागितली की देतात. सौ.ने तीच खाल्ली आणि पीठ कमी मळलंय म्हणाली.

घाटमाथा

छोटा देश म्हणजे केवढा? स्लोव्हेनिया चालेल का? साधारण २० हजार चौरस किलोमीटर, आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्यापेक्षा थोडा जास्त. चालत असेल तर जोशीकाकांसाठी एक रत्न काढतो.

इटलीतल्या गोरित्सियापर्यंत रेल्वेने या. तिथून गाव ओलांडून पलीकडे चालत गेलात की एक चौक लागतो, अर्धा इटलीत, अर्धा स्लोव्हेनियात. मधलं कुंपण २००४मध्ये काढलं. चौकाच्या एका बाजूला नोव्हा गोरित्साचं जुनं भारदस्त स्टेशन. तिथून बोहिनची गाडी सुटते. १९०६ साली ऑस्ट्रियाने त्रिएस्तच्या बंदरापर्यंत पोचायला हा मार्ग बांधला. सुटल्यावर लगेचच सोचा नदीवरचा सोल्कानचा पूल येतो, ८५ मीटर गाळ्याची दगडी कमान. रेल्वेच्या दगडी कमानींत याहून मोठी जगात नाही. पहिल्या महायुद्धात माघार घेणाऱ्या ऑस्ट्रियन सैन्याने तो उडवला, १९२७पर्यंत इटालियनांनी पुन्हा उभा केला. पूल गाडीतून दिसत नाही, तुम्ही त्याच्यावरच असता. म्हणून आधी पायी नदीकाठाने सोल्कानला जाऊन बघा, मग गाडीत बसा. पुढे सहा किलोमीटरहून लांब बोगदा आणि बोगद्यापलीकडे बोहिन, मग ब्लेड येझेरो, म्हणजे ब्लेडच्या तळ्याजवळचं स्टेशन. स्टेशनातून तळ्यावर उतरायला पायवाट आहे, तळ्याभोवतीची फेरी सहा किलोमीटरची. या मार्गावर दिवसात गाड्या मोजक्याच असतात, वेळापत्रक बघूनच निघा.

दुसरं: दिवाचा स्टेशनपासून श्कोत्सियानच्या गुहांपर्यंत खुणा केलेली पायवाट आहे. पोस्तोयनाच्या प्रसिद्ध गुहेतल्या गर्दीपेक्षा मला हे शतपटीने आवडतं. गुहेच्या पोटात नदी वाहते आणि तिच्यावरच्या पुलावरून चालत जायचं.

रानवाटा

स्लोव्हेनिया छोटा नाही, धागाविषयाबाहेर. पण राहू द्या, माझ्या पुढच्या खेपेला उपयोग आहे.

जोशीकाका_डोंबिवली

घाटमाथा, ८५ मीटरची दगडी कमान! पूल आधी खालून बघायचा, हे बरोबर सांगितलंत. मुलाला कळवलं, तो म्हणतो बोलोन्याहून गोरित्सिया एका दिवसात गाठता येईल. पुढच्या वर्षी आम्ही दोघं आधी तिकडे आणि मग ट्रियरकडून लक्झेंबर्गला, असं ठरतंय. जुलैच्या शेवटी आलं तर चालेल का, मोझेलकाठताई?

मोझेलकाठ

या काका, पेर्लपर्यंत मीच घेऊन जाते. पण जुलैअखेर ते ऑगस्ट नको. शाळांच्या सुट्ट्यांत उत्तरेकडच्या मार्गावर रुळांची कामं काढतात आणि काही टप्प्यांवर गाडीऐवजी बस लावतात. तुम्हाला बसमधून क्लेर्वोला पाठवणं बरं दिसणार नाही. जूनचा पहिला पंधरवडा बघा. आणि गाडी पकडायची ती सकाळी नऊनंतरची: त्याआधी फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून कामाला येणाऱ्या दोन लाखांहून जास्त माणसांपैकी बरीचशी डब्यात असतात, उभं राहावं लागेल. डोंबिवलीकरांना ते जमेल, सौ.च्या गुडघ्यांचं बघा.